दहा कुमारींचा दाखला आणि मराठी ख्रिस्ती आत्मकथने : व्यक्तिगत सिद्धतेचा प्रश्न

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आरंभीच्या तेरा वचनांत दहा कुमारींचा दाखला आला आहे. वराला सामोऱ्या जाण्यासाठी दहा कुमारी दिवे घेऊन निघतात. पाचजणी बरोबर तेलाची भांडी घेतात, पाचजणी घेत नाहीत. वराला उशीर होतो, सर्वच कुमारी निद्रावश होतात आणि मध्यरात्री वर आल्याची हाक ऐकू येते. तेल नसलेल्या कुमारी शहाण्या कुमारींजवळ तेल मागतात. त्यांना नकार मिळतो. त्या विकत आणावयास जातात, तोवर दार बंद होते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या सुशिक्षित मराठी माणसांनी आपल्या धर्मांतराचा जो अर्थ लाविला, तो समजून घेण्यास हा दाखला कितपत उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या दाखल्यातील 'दिवा' ह्या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे समई किंवा पणती उभी राहते. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा रूढ अर्थ मशाल असा आहे. खंडोबाच्या उपासनेतील दिवटी आणि बुधली ही जोडी ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना दाखल्याचे मर्म अधिक लवकर कळावे. दिवटी हाती असली तरी तेलाने भरलेली बुधली जवळ नसल्यास ती फार वेळ तेवत नाही. दिवटी सर्वांना दिसते; बुधलीत तेल किती आहे, हे जिची तिलाच ठाऊक असते.

या तेलाचा अर्थ मात्र काळानुसार पालटत गेला. वराला झालेला विलंब हा मुळात ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या आद्य मंडळीचा प्रश्न होता, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे क्रिसोस्तोमाने तेल म्हणजे दानधर्म असा अर्थ केला, तर ऑगस्टिनाने ते प्रेम होय असे म्हटले. धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट उपदेशकांनी त्यात व्यक्तीची श्रद्धा पाहिली. जर्मनीतील आयझेनाख येथे १३२१ साली या दाखल्यावरील नाटक झाले. त्यात मरियेने रदबदली करूनही मूर्ख कुमारींना क्षमा मिळाली नाही, हे पाहून तेथील अधिपती फ्रीडरिख अत्यंत विव्हळ झाला, अशी हकीकत सांगितली जाते. दुसऱ्याच्या पुण्याईवर आपण तरून जाऊ, या आशेलाच या दाखल्याने धक्का दिला होता.

शहाण्या कुमारींच्या नकाराने वाचक अस्वस्थ होतो, हे खरे. तथापि दाखल्याचा रोख कृपणतेकडे नसून काही गोष्टी हस्तांतरित करता येत नाहीत या वस्तुस्थितीकडे आहे. हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद व मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या सीमेलगत होते. अशा सीमेवरील कोणत्याही नाक्यावर सोबत्याचा परवाना आपल्या कामी येत नाही. त्यात सोबत्याचा दोष नसतो.

हीच अट महाराष्ट्रात धर्मांतराच्या संदर्भात न्यायालयापुढेही आली. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारे नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला आणि त्यावरून मोठा वाद माजला. मिशन, न्यायालय, आईवडील आणि ज्ञातिबांधव या चौघांनीही त्या मुलाविषयी निर्णय दिले. त्याची स्वतःची सिद्धता काय होती, हा प्रश्न वादाच्या गदारोळात मागे पडला. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्यास गेले आणि त्या परिसरात त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली.

यानंतरच्या पिढीने हा प्रश्न स्वतःच्या लेखणीने हाताळला. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्राचा मोठा भाग बाप्तिस्म्याने नव्हे, तर त्यापूर्वीच्या दीर्घ द्विधावस्थेने व्यापलेला आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; ती जाणीव सुमारे आठ वर्षांनी झाली. दाखल्याच्या भाषेत सांगावयाचे तर दिवा १८८३ सालचा, तेल १८९१ च्या सुमाराचे.

टिळक दांपत्याच्या बाबतीत हा प्रश्न एकाच घरात उभा राहिला. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना त्या बातमीने अतोनात दुःख झाले. पुढे पतीबरोबर राहू लागल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांच्या मनातील पहिला पालट जातिभेदाविषयी झाला, तोही स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे अंतर लक्षात घेतले पाहिजे. पतीच्या पुण्यात पत्नीचा वाटा मानणाऱ्या समाजात एका स्त्रीने पतीचे तेल उसने घेण्याचे नाकारले, हा या ग्रंथाचा एक ऐतिहासिक अर्थ आहे. खुद्द टिळकांनी १९१७ साली स्थापिलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश होता. बाह्य चिन्हाहून अंतरीची सिद्धता श्रेष्ठ, या भूमिकेचा हा स्वाभाविक परिणाम होय.

येथपर्यंत दाखला आणि इतिहास यांचा मेळ बसतो. परंतु येथेच अभ्यासकाने सावध व्हावयास हवे. ही सर्व आत्मकथने घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, श्रद्धा दृढ झाल्यावर लिहिली गेली. पूर्वायुष्यातील द्विधावस्था नंतरच्या प्रकाशात अधिक सुसंगत दिसण्याचा संभव असतो. दुसरे असे की, या लेखकांपाशी अक्षरज्ञान होते, बहुतेकांपाशी उच्च जातीतील विद्येचा वारसा होता आणि आत्मपरीक्षणास लागणारी सवड होती. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत जे महार व मांग स्त्री-पुरुष आले, त्यांपैकी फारच थोड्यांनी आपली हकीकत लिहून ठेविली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांच्या धर्मजीवनाची माहितीही बव्हंशी इतरांच्या लेखणीतूनच मिळते. १९०५ साली तेथे जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात या मुली एकेकीने उभ्या राहून प्रार्थना व पापकबुली करू लागल्या. आश्रयाने मिळालेला धर्म प्रत्येकीचा स्वतःचा व्हावा, हीच त्यामागील धडपड होती.

त्यांना 'पोटासाठी ख्रिस्ती' म्हणून निकालात काढणारे टीकाकार, आणि मंडळीच्या पटावरील आकडे दाखवून समाधान मानणारे काही अहवाललेखक, हे दोघेही दिवेच मोजत होते. उपाशी मुलीला मिळालेले अन्न, अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या हाती आलेली पाटी, सभेत बरोबरीने बसण्याचा हक्क, यांना केवळ बाह्य चिन्हे म्हणून बाजूस सारणे हा आत्मकथने लिहू शकणाऱ्यांचा मापदंड न लिहू शकणाऱ्यांवर लादणे होय. शिवाय तेलाला दानधर्म म्हणणारा क्रिसोस्तोमाचा अर्थ येथे विसरता येत नाही. त्या अर्थाने केडगावचे अन्नछत्र हे तेलच ठरते.

दाखल्यातील एक तपशील या संदर्भात मोलाचा आहे. दहाही कुमारी झोपी गेल्या होत्या. मध्यरात्रीपूर्वी त्यांना पाहणाऱ्या कोणाही तिऱ्हाईतास शहाणी कोण व मूर्ख कोण, हे केवळ दिव्यांवरून ओळखता आले नसते. इतिहासकाराचे स्थान त्या तिऱ्हाईताचे आहे. ज्यांनी आपल्या तेलाची साक्ष लिहून ठेविली, त्यांची साक्ष त्याने चिकित्सापूर्वक वाचावी. ज्यांनी ती लिहिली नाही, त्यांची भांडी रिकामी होती असे मात्र त्याने कदापि गृहीत धरू नये.