बेटाची माती कुणाची?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचा चिमुकला प्रांत आहे. लोकवस्ती दोन लाखांच्या आत. बटाटा, लॉब्स्टर म्हणजे शेवंड, आणि पर्यटक यांवर त्याचे पोट चालते. अशा मुलखाविषयी बोलताना आपण पिकांपासून सुरुवात करतो. मी मात्र जमिनीच्या मालकीपासून करणार आहे.

1767 साली लंडनमध्ये या बेटाची चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. सुमारे 20 हजार एकरांचा एकेक, असे 67 तुकडे केले होते. ते बहुतांशी सरकारदरबारी वजन असलेल्यांच्या पदरात पडले. त्यांतल्या अनेकांनी बेटावर कधी पाऊलही ठेवले नाही. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या कुळांनी जंगल तोडून शेते केली. खंड मात्र समुद्रापलीकडे जाई. अखेर 1864 मध्ये कुळांनी संघटना बांधून खंड नाकारला. पुढच्या वर्षी त्यांच्यावर सैन्य आणले गेले. 1873 मध्ये बेट कॅनडात सामील झाले, तेव्हा जमीनदारांच्या जमिनी विकत घेण्यासाठी 8 लाख डॉलरपर्यंतची तरतूद झाली आणि 1875 च्या कायद्याने जमीनदारांना विक्री भाग पडली. चिठ्ठ्या टाकल्याला तेव्हा 108 वर्षे झाली होती!

माती लाल, पण आम्लधर्मी. तिला चुना हवा आणि बेटावर चुनखडीची वानवा. लोकांनी तो खाडीच्या तळाशी शोधला. हिवाळ्यात खाडी गोठली की बर्फाला भोक पाडायचे, घोडा गोल फिरवून यंत्राने कालवांच्या शिंपल्यांचा चिखल उपसायचा आणि घसरगाडीवरून शेतात नेऊन पसरायचा. शिंपल्यांतला चुना मातीत मुरे आणि गवत, बटाटा जोमाने येई. हाडे गोठवणाऱ्या थंडीतले हे कष्ट मला या बेटाच्या इतिहासातले सर्वांत बोलके पान वाटते.

सुबत्तेचे मोहही आले. डाल्टन आणि औल्टन या दोघांनी रुपेरी कोल्हे पाळून त्यांची पैदास करण्याचे तंत्र साधले. 1910 नंतर कोल्ह्यांच्या एकेका जोडीला हजारो डॉलर मिळू लागले. पहिल्या महायुद्धाने ती तेजी ओसरली. पुढे धंदा सावरला, पण फॅशन बदलली आणि तोही बसला. बटाटा टिकला, तरी त्यालाही घोर आहेच. 2000 साली एका शेतात बटाट्यावर गाठी आणणारा रोग सापडला आणि अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली. 2021 मध्ये याच रोगामुळे कॅनडा सरकारनेच ताज्या बटाट्याची अमेरिकेला होणारी निर्यात काही महिने थांबवली. एका पिकावर भिस्त ठेवली की दूरच्या एका निर्णयाने घरची चूल अडते.

म्हणूनच 1982 चा तिथला कायदा मला महत्त्वाचा वाटतो. एका व्यक्तीला 1 हजार आणि कंपनीला 3 हजार एकरांपर्यंतच जमीन बाळगता येते. त्यातल्या पळवाटांवर तिथे वाद झडतात. झडोत बापडे! बाजारभाव बेटाच्या हाती नाहीत. पायाखालची माती कुणाची राहावी, एवढे ठरवण्याचा अधिकार मात्र त्या कुळांच्या नातवंडांनी सोडलेला नाही.