मापाची सायकल: चढाने घडवलेली

पोलादपूर सोडले की आंबेनळी घाट लागतो आणि सुमारे ४० किलोमीटरमध्ये रस्ता महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर पोहोचतो. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर २८ इंची चाक पायडलच्या एका फेरीत साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर ही चाल उत्तम, पण घाटात मांड्या भरून येतात आणि सायकल ढकलत न्यावी लागते. दोन्ही चक्रांचे दाते सारखे केले, तर तीच फेरी सव्वादोन मीटरची होते आणि चढ पायांना पेलतो. सांगून, माप देऊन करवून घेतलेल्या सायकलीची कुळकथा या हिशेबात आहे. ती हौसेतून जन्मली असे सर्रास मानले जाते. माझ्या मते तिला खरा आकार दिला तो चढाने.

जवळजवळ सारख्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये इंग्लंडात आणली. पुढच्या तीनच वर्षांत, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान बेळगावात उभे होते. यंत्र इतक्या वेगाने पसरले, पण घाटाचा प्रश्न तसाच राहिला. तो धसास लावला फ्रान्समधल्या सेंट-एटिएन या डोंगराळ गावच्या पॉल द व्हिव्ही यांनी. चढ-उतारानुसार गिअर बदलता आलाच पाहिजे, असे ते आयुष्यभर लिहीत राहिले. टूर द फ्रान्सने मात्र साखळी सरकवणारे गिअर १९३७ मध्ये कुठे मान्य केले. तोवर डोंगरात भटकणारे साधे स्वार कारागिराकडे जाऊन आपली सायकल घडवून घेऊ लागले होते. पॅरिसजवळ अलेक्स सँजे, रने हर्स यांच्यासारख्यांची नावे त्यातूनच झाली. तिथे आधी स्वाराच्या पायाचे, धडाचे, हातांचे माप घेत. मग रस्ता कोणता आणि ओझे किती, ते विचारत. त्यानंतर पातळ पोलादी नळ्या कापून, सांध्यावर कानसलेल्या पोलादी खोबणी बसवून झाळकाम करत. नळी लाल झाली की वितळलेला धातू फटीत आपसूक ओढला जातो. आच जास्त झाली तर पोलाद कमकुवत होते, कमी पडली तर सांधा पोकळ राहतो.

शर्यतींनीही ही कला वाढवली, हे खरे. पण शर्यतीच्या सायकलला मडगार्ड, दिवा, सामानाची चौकट लागत नाही. या साऱ्याचा सायकलच्या घडणीतच विचार झाला तो प्रवाशासाठी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारखान्याने सायकल स्वस्त केली, म्हणून ती शाळकरी पोरापर्यंत आणि दूधवाल्यापर्यंत पोहोचली. हे ऋण मानलेच पाहिजे. मात्र त्याच स्वस्ताईत माप हरवले. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारे पोर आपल्याकडे गावोगाव दिसे, ते यामुळेच: यंत्र त्याच्या मापाचे नव्हते, म्हणून त्याने अंग वाकडे केले. आणि माप ही श्रीमंतांची मिरास कधीच नव्हती. गावचा सुतार बलुत्यावर जू घडवताना बैलाचा खांदा पाहतच असे. बैलाला मिळणारा मान स्वाराला नाकारण्याचे कारण नाही.

आज गिअरच्या सायकली वेगवेगळ्या मापांत तयार मिळतात, म्हणजे त्या कारागिरांचे निम्मे काम दुकानात आले आहे. उरलेले निम्मे गिऱ्हाइकाने करायचे. महाड-पोलादपुरात सायकल घेताना रंग आणि किंमत विचारण्याआधी पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजून सांगा, आणि ती कोणत्या चढावर चालवणार तेही सांगा.