टॅग कोणाचा, जनावर कोणाचे

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा टॅग तिथल्या रहिवाशाला ५७ डॉलरना मिळतो. शेजारच्या नेब्रास्कातून आलेल्या माणसाला त्याच टॅगचे ६९२ डॉलर पडतात, आणि सोडतीत आपला नंबर लागण्याची शक्यता वाढावी म्हणून त्याने ‘स्पेशल’ रांग धरली तर १,९५०. मादी किंवा पाडसाचा टॅग रहिवाशाला ४३ डॉलर, बाहेरच्याला २८८. हे २०२४ सालचे दर आहेत. नर आणि मादी यांच्या दरांतला फरक शिंगांमुळे पडतो, हे शाळकरी पोरही सांगेल. रहिवासी आणि बाहेरचा यांच्या दरांतला फरक कशामुळे पडतो, हे सांगायला मात्र वकील, अर्थतज्ज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ असे तिघेही लागतात, आणि तिघांचे एकमत होत नाही.

या अभ्यासक्षेत्राच्या उंबरठ्यावर मराठी वाचकाचे स्वागत. शिकारीची आवड असण्याची अट नाही. मला स्वतःला शिकारीत रस नाही, दरपत्रकात आहे.

आधी वस्तू पाहू. परवाना आणि टॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याने शिकारीला जाण्याची मुभा मिळते. टॅग एका जातीच्या एकाच जनावराचा, आणि बहुधा ठरावीक क्षेत्राचा व ठरावीक हंगामाचा असतो. जनावर पडले की शिकाऱ्याने जागच्या जागी चाकूने त्या कागदातला महिना आणि तारीख कापून काढायची आणि टॅग धडाला बांधायचा, ही मोंटाना आणि वायोमिंगमधली जुनी रीत. आता मोबाइलवरचे टॅगही आले आहेत. नर-मादी ओळखू येईल असा अवयव मांसाला लागलेला ठेवावा लागतो, कारण वाटेत गेम वॉर्डन गाडी थांबवून तपासतो. तारीख न कापलेला टॅग खिशात निघाला, तर घरच्या फ्रीजरपर्यंत पोहोचायच्या आतच ते मांस बेकायदा ठरते.

आता मालकी. इंग्लंडात रानातले जनावर राजाचे, ही जुनी समजूत. अमेरिकेने राजा काढून टाकला आणि त्याच्या जागी राज्य बसवले: जनावर कोणाच्याच खासगी मालकीचे नाही, राज्य ते आपल्या लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते. १८९६ साली ‘गीअर विरुद्ध कनेटिकट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. १९७९ साली ओक्लाहोमातल्या चिमुकल्या माशांवरून झालेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला आणि राज्याची मालकी ही एक सोयीची कल्पना असल्याचे म्हटले. मात्र त्याच्या वर्षभर आधी मोंटानाच्या एल्कांनी आपला इतिहास घडवून ठेवला होता.

१९७६ साली मोंटानात रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरना मिळे. बाहेरच्याला सुटा परवाना मिळतच नसे. त्याला २२५ डॉलरचा संयुक्त परवाना घ्यावा लागे, ज्यात एक एल्क, एक हरीण, एक काळे अस्वल आणि वर पक्षी व मासेमारी. असाच संयुक्त परवाना रहिवाशाला ३० डॉलरना पडे. मिनेसोटातले काही शिकारी आणि मोंटानातलाच एक आउटफिटर (म्हणजे तंबू, घोडे, वाटाड्या असा सगळा सरंजाम पुरवणारा व्यावसायिक) कोर्टात गेले. १९७८ च्या ‘बाल्डविन’ निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी ते हरले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिला. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात समान वागणूक मिळावी असे घटना म्हणते खरे, पण ते पोटापाण्याच्या आणि तशाच मूलभूत बाबींपुरते. एल्कची शिकार हा छंद आहे, तोही खर्चिक, तेव्हा राज्याने त्याचे वेगळे पैसे घेतले तर राष्ट्राच्या एकीला धक्का बसत नाही, असा त्याचा आशय. ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिले. भेदभाव करायचा तर राज्याने त्याचे समर्थन करून दाखवावे, हक्क मूलभूत आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू, असे त्यांचे म्हणणे.

या निकालाच्या शेजारी १९४८ चा ‘टूमर विरुद्ध विट्सेल’ ठेवून वाचावा. दक्षिण कॅरोलिना राज्य कोळंबीच्या बोटीमागे रहिवाशाकडून २५ डॉलर घेई आणि बाहेरच्याकडून २,५००. तिथे न्यायालयाने तो दर रद्द केला, कारण जॉर्जियातून येणाऱ्या कोळ्यांची चूल त्यावर पेटत होती. माझ्या मते ब्रेनन यांचा युक्तिवाद अधिक सरळ होता. पण न्यायालयाने ब्लॅकमन यांची वाट निवडली आणि पश्चिमेतल्या राज्यांचे सारे दरपत्रक आजही त्या पायावर उभे आहे. २००२ साली बाहेरच्यांच्या टॅगांवर ॲरिझोनाने घातलेल्या दहा टक्क्यांच्या मर्यादेवर एका अपील न्यायालयाने बोट ठेवले, तेव्हा २००५ साली काँग्रेसने खास कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा पक्का केला.

पैसा जातो कुठे? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचे पैसे राज्यांना मिळू लागले, पण एका अटीवर: परवान्यांचे उत्पन्न वन्यजीव खात्याबाहेर वळवायचे नाही. त्यामुळे हे खाते बऱ्याच अंशी स्वतःच्या गल्ल्यावर जगते. स्थानिकांचे दर वाढवायचे तर विधिमंडळात जावे लागते, आणि आमदाराला मते स्थानिकच देतात. परक्याला तिथे मत नाही. मग भार कुणावर पडणार हे उघड आहे. माझ्या दृष्टीने या क्षेत्राचा गाभा इथे आहे: टॅगचा दर जनावराच्या मोलावर कमी ठरतो, मतदारयादीवर अधिक.

मात्र पैसे जास्त देऊनही परक्याला जनावरांचा वाटा थोडाच मिळतो. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरमार्फत येणाऱ्यांना आणि ६ टक्के उरलेल्या साऱ्या बाहेरच्यांना. कोलोरॅडोत यंदा नंबर नाही लागला तर एक गुण जमा होतो आणि चांगल्या क्षेत्रासाठी वीस-वीस वर्षे गुण साठवणारे लोक आहेत. म्हाडाच्या सोडतीसाठी अधिवासाचा दाखला काढून वर्षानुवर्षे अर्ज भरणाऱ्या माणसाला या चिकाटीचे नवल वाटणार नाही.

दर वाढवत नेला तर काय होते, याचा धडा मोंटानानेच दिला. तिथे परक्यांसाठी १७,००० संयुक्त परवान्यांची मर्यादा होती आणि त्यातले ५,५०० आउटफिटरच्या गिऱ्हाइकांना चढ्या दराने हमखास मिळत. २०१० साली मतदारांनी जनमताने ही राखीव सोय रद्द केली आणि इतरांसाठीचा दर ६२८ डॉलरवरून ८९७ वर नेला. पुढच्याच वर्षी परवाने शिल्लक राहिले.

परक्यांची तक्रार पोकळ नाही. नेवाडाची सुमारे ऐंशी टक्के आणि वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे फ्लोरिडातल्या करदात्याचीही. त्या जमिनीवर तो तंबू ठोकू शकतो, मासिक काढून वाचत बसू शकतो. पण तिच्यावर चरणारा एल्क वायोमिंगचा. शिवाय वायोमिंगमध्ये केंद्राने घोषित केलेल्या निबिड रानांत मोठ्या जनावरांच्या शिकारीला जायचे तर परक्याने वाटाड्या किंवा कुणी रहिवासी सोबत घेतलाच पाहिजे. फिरायला जाणाऱ्याला ही अट नाही. सुरक्षिततेचे कारण सांगतात. मला त्यात आउटफिटरचा धंदा दिसतो. दुसऱ्या टोकाला लिलाव आहेत: २०१३ साली मोंटानातल्या बिगहॉर्न मेंढ्याचा एक टॅग ४,८०,००० डॉलरना गेला. सर्वसाधारण सोडतीत तोच परक्याला १,२५० आणि रहिवाशाला १२५ डॉलरना पडतो.

हे सारे आपल्याला अगदीच परके नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला तो शिकारीच्या परवान्यांसकट. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही ‘बिग गेम’चा परवाना होता; १९९१ च्या दुरुस्तीने तो गेला. म्हणजे दरपत्रकाचा प्रश्न आपण सोडवला नाही, दुकानच बंद केले. त्यातून काय साधले आणि काय हुकले, याचा अभ्यास मराठीत व्हायला हवा.

नव्या अभ्यासकाने सुरुवात खटल्यांपासून करू नये. एखाद्या राज्याची यंदाची नियमपुस्तिका उघडावी आणि दरांच्याही आधी ‘रहिवासी’ची व्याख्या वाचावी. मोंटानात १८० दिवस राहिले की माणूस रहिवासी होतो, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष लागते. अलास्कात परदेशी नागरिकाचा तिसराच वर्ग आहे: पुण्याहून गेलेल्या माणसाला तिथे कोणत्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि टॅगचे दरही त्याला सगळ्यांत चढे. मग त्या व्याख्येशेजारी दरांचा तक्ता ठेवावा, आणि त्यानंतर ‘बाल्डविन’ वाचायला घ्यावा.