उभा फ्रीझर : बसवताना आणि वीज गेल्यावर

जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या जंगलभागात पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरमधल्या मासळीची काळजी लागते.

बसवताना : आडवा करून आणलेला फ्रीझर निदान ४ तास उभा ठेवा, मगच सुरू करा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं. मागे हवेला जागा सोडा. तापमान उणे १८ अंश. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

बर्फ साचतोय? दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल झालंय.

वीज गेल्यास : दार उघडू नका. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. मासळी वितळून गार राहिली नसेल, तर वास येत नसला तरी टाकून द्या.