नावांची जुनी पेठ आणि नव्या पेठा

पेशवाईत नवी पेठ वसवायची झाली म्हणजे सरकारातून कौल दिला जाई. पेठेत येऊन दुकान मांडणाऱ्या वाण्या-उदम्यांना आरंभीची काही वर्षे पट्टी माफ असे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्याला इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी अल्प आणि पुढे वर्षागणिक चढत जाणाऱ्या दराने सारा भरावा लागे. जुन्या पेठेत जागा मिळणे दुरापास्त, परंतु गिऱ्हाईक ठरलेले. नव्या पेठेत जागा हवी तेवढी, परंतु गिऱ्हाईक तिकडे वळेल की नाही याची शाश्वती कोणी द्यावी? व्यापाऱ्यापुढचा हा जुनाच पेच इंटरनेटवरील नावांच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला आहे. ‘डॉट कॉम’ ही तेथली जुनी पेठ. ‘डॉट शॉप’, ‘डॉट एक्सवायझेड’ यांसारख्या शेकडो नव्या पेठा गेल्या काही वर्षांत वसल्या. द्रव्य कोठे गुंतवावे, हा प्रश्न या पेठांचा इतिहास पाहिल्यावाचून उलगडत नाही.

आरंभी या नावांना काहीच मोल नव्हते. अमेरिकेतील संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांस जोडले गेले, तेव्हा प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असे. क्रमांक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून नावे देण्याची प्रथा पडली. कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई आणि सर्वांनी ती तेथून उतरवून घ्यावी, असा रिवाज होता. संगणकांची संख्या वाढू लागली, तशी ही एकहाती वही अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी, जॉन पोस्टेल यांच्या सूचनेवरून, नावांची विभागणी करणारी नवी पद्धती आखली. सगळ्या नावांचा भार एका वहीवर न टाकता प्रत्येक विभागाने आपापली नावे सांभाळावी, हे तिचे सूत्र. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये विभागांचे प्रत्यय ठरले. व्यापारी मंडळींसाठी कॉम, शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, सरकारासाठी गव्ह, लष्करासाठी मिल, इतर संस्थांसाठी ऑर्ग. आणि देशोदेशींसाठी दोन-दोन अक्षरांची चिन्हे. ‘नेट’ची भर लगेच पुढच्या वर्षी पडली.

१५ मार्च १९८५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने कॉम विभागातले पहिले नाव नोंदवले. त्या संपूर्ण वर्षात या विभागात अवघी सहा नावे नोंदली गेली. नोंदणीला शुल्क नव्हते; खर्च सरकारी अनुदानातून भागत होता. पुढे याच विभागात पंधरा कोटींहून अधिक नावे होतील आणि एकेका नावासाठी कोट्यवधी डॉलर मोजले जातील, हे त्या सहा जणांच्या स्वप्नातही आले नसेल.

नावाला किंमत असते, याची जाणीव १९९४ च्या सुमारास होऊ लागली. त्या वर्षी जोशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स या जगप्रसिद्ध खाद्यकंपनीचे नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतले आणि ‘वायर्ड’ मासिकात त्याची हकीकत लिहिली. अखेर एका शाळेला संगणकसामग्रीसाठी देणगी देण्याच्या बोलीवर ते नाव कंपनीकडे गेले. मोठमोठ्या कंपन्यांना जे सुचले नव्हते ते एका लेखकाला सुचले, हा त्यातला बोध. १९९५ च्या सप्टेंबरपासून नोंदणीला वर्षाला ५० डॉलर शुल्क बसले आणि पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर आगाऊ भरावे लागू लागले. तरीही गर्दी हटली नाही. दीड लाख डॉलरना घेतलेले ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले. नाव घ्यावे, स्वस्थ बसावे आणि धनिक व्हावे, अशी समजूत तेव्हापासून रूढ झाली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. असे नाव विकत घेतले असे आपण म्हणतो, परंतु ते कायमच्या मालकीचे होत नाही. तो मुदतीचा पट्टा असतो. एका वेळी फार तर दहा वर्षांचा. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचे शुल्क भरले नाही, तर नाव हातचे जाते. म्हणून नावात पैसा गुंतवणाऱ्याने खरेदीच्या किंमतीइतकेच, किंबहुना अधिक लक्ष दरवर्षीच्या पट्टीकडे दिले पाहिजे. जुन्या आणि नव्या पेठांमधला खरा फरक याच ठिकाणी आहे.

नव्या पेठा वसवण्याचा पहिला उद्योग २००० साली झाला. नावांच्या व्यवस्थेसाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेने सात नवे प्रत्यय मंजूर केले. त्यांत ‘बिझ’ आणि ‘इन्फो’ हे प्रमुख होते. विमानव्यवसाय, सहकारी संस्था आणि वस्तुसंग्रहालये यांच्यासाठीही स्वतंत्र प्रत्यय होते. त्यांपैकी ‘इन्फो’ला बरा आश्रय मिळाला, परंतु कॉमची गादी कोणालाही हलवता आली नाही.

पुढची फेरी याहून पुष्कळ मोठी होती. २०१२ साली आयकॅनने अर्ज मागवले. एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले चार प्रत्यय सुरू झाले. ते अरबी, रशियन आणि चिनी लिपींतले होते, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पुढे अशा प्रत्ययांची संख्या बाराशेच्या वर गेली. एकाच प्रत्ययावर अनेकांचा डोळा असल्यास लिलाव होई. २०१६ च्या जानेवारीत ‘शॉप’ हा प्रत्यय ४ कोटी १५ लाख डॉलरना गेला. त्याच वर्षी जुलैत ‘वेब’साठी १३ कोटी ५० लाखांची बोली लागली, आणि त्या बोलीमागचा पैसा कॉमचा कारभार पाहणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीचाच होता, असे नंतर उघड झाले. जुन्या पेठेच्या शेटे-महाजनाने नव्या पेठेची जागा आधीच धरून ठेवावी, तसा हा प्रकार. त्यावरून पेटलेला वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

नव्या प्रत्ययांच्या धन्यांनी इस्ताव्याचाच मार्ग धरला. पहिल्या वर्षी नाव नाममात्र दरात, क्वचित फुकटही; दुसऱ्या वर्षापासून दर चढा. स्वस्ताईच्या वर्षात लाखो नावे नोंदली गेली आणि नूतनीकरणाची वेळ येताच त्यांतली पुष्कळशी सोडून दिली गेली. शिवाय उत्तमोत्तम शब्द धन्यांनी ‘विशेष’ म्हणून बाजूला काढले आणि त्यांना जबर किंमत लावली; काही नावांना ती दरवर्षी भरावी लागते. कॉमचा घाऊक दर अमेरिकी सरकारशी झालेल्या कराराने बांधलेला आहे. २०१२ पासून तो ७ डॉलर ८५ सेंट होता आणि टप्प्याटप्प्याने वाढून २०२४ मध्ये १० डॉलर २६ सेंट झाला. नव्या प्रत्ययांना असे बंधन नाही. २०१७ मध्ये युनिरजिस्ट्री या कंपनीने आपल्या काही प्रत्ययांचे दर कित्येक पटींनी वाढवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा शेकडो नावे साठवून बसलेल्या गुंतवणूकदारांना याचा खरा अर्थ कळला. आयकॅनशी झालेल्या कराराने एवढेच संरक्षण आहे, की दरवाढीची सूचना सहा महिने आधी द्यावी लागते आणि त्या अवधीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरून ठेवता येतात. ज्याने सूचना वाचली नाही, त्याला हे संरक्षण असून नसल्यासारखे.

दराहून बलवत्तर अशी दुसरी गोष्ट म्हणजे सवय. अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या विक्रेत्या कंपनीने ‘ओ डॉट को’ हे चिमुकले नाव साडेतीन लाख डॉलरना घेतले आणि २०११ मध्ये मोठा गाजावाजा करून तेच आपले नाव म्हणून मिरवले. परंतु जाहिरात पाहून घरी गेलेले पुष्कळ लोक ‘ओ डॉट कॉम’ असेच टंकीत. त्याच वर्षी कंपनी निमूटपणे जुन्या नावाकडे परतली. उलट २०१५ मध्ये गुगलची पालककंपनी अल्फाबेट हिने ‘एबीसी डॉट एक्सवायझेड’ हे नाव घेतले, आणि त्यात तिचे काही बिघडले नाही. पण ज्याच्या घरचा पत्ता सारे जग शोधत येते, त्याला पेठ कोणतीही चालते. हे भाग्य नवख्या दुकानदाराचे नसते.

तथापि जुने ते सोने आणि नवे ते हिणकस, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. देशोदेशींच्या दोन अक्षरी चिन्हांचे भाग्य पाहण्यासारखे आहे. प्रशांत महासागरातील तुवालू हा नऊ बेटांचा इवलासा देश. त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही अक्षरे आली. २००० साली त्या चिन्हाचे हक्क भाडेपट्ट्याने देऊन तुवालूने पाच कोटी डॉलरचा करार केला आणि त्या उत्पन्नाच्या बळावर त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व पत्करले. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाला ‘एआय’ ही अक्षरे मिळाली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला होताच २०२३ मध्ये त्या नावांपासून बेटाला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून ही रक्कम अधिक होती. अक्षरे जुनीच, पण काळाने त्यांना नवा अर्थ दिला. अर्थात तो अर्थ कधी येईल, हे कोणाही सटोडियाला आधी सांगता आले नसते.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो २७ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या दिवशी ‘डॉट भारत’ हा प्रत्यय देवनागरीत खुला झाला. हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या भाषांना त्याचा लाभ मिळाला. गोव्यातल्या प्रकाशकाने, बेळगावच्या वाचनालयाने किंवा इंदूरच्या मिठाईवाल्याने आपले नाव रोमन अक्षरांत वाकडेतिकडे न लिहिता ‘ळ’सकट जसेच्या तसे लिहावे, ही सोय तेव्हापासून झाली. पुनर्विक्रीच्या दृष्टीने तिचे मोल आजही थोडे आहे. काही संगणकीय व्यवस्था देवनागरी पत्ता अजून नीट स्वीकारत नाहीत. परंतु सट्ट्यासाठी घेतलेले नाव आणि वापरण्यासाठी घेतलेले नाव यांची पारख एकाच तराजूत होऊ शकत नाही.

पुढील फेरीसाठी, म्हणजे २०२६ साठी, अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर ठरवण्यात आले. पेठा वाढतच जाणार. जेथे जागा कितीही निर्माण करता येते, तेथे नुसती जागा धरून ठेवण्याने श्रीमंती येत नाही. जुन्या पेठेतही ती थोड्यांनाच आली. दुकान चालवणाऱ्याला नाव उपयोगी पडते, आणि त्याने ते घेताना दहाव्या वर्षाची पट्टी आधी विचारावी.

पहिले नाव नोंदवणारी सिम्बॉलिक्स कंपनी पुढे डबघाईस आली. तिची यंत्रे मोडीत गेली, पण नाव तेवढे उरले. २००९ मध्ये तेही विकले गेले.