दुचाकीचे हेल्मेट

हेल्मेट किंवा शिरस्त्राण हे दुचाकी चालवणाऱ्या व मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याचे अपघातातील आघातापासून रक्षण करणारे साधन आहे. योग्य हेल्मेटची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: ते ठरलेल्या मानकानुसार बनलेले असावे, डोक्याच्या मापाचे असावे आणि त्याचा हनुवटीखालील पट्टा नीट बांधता यावा. किंमत, रंग व नक्षी या बाबी त्यानंतर येतात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती रस्ते-अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३५,६९२ चालक होते, तर १४,३३७ जण मागे बसलेले होते.

रचना व कार्य

हेल्मेटचे चार मुख्य भाग असतात. बाहेरचे कठीण कवच प्लॅस्टिक, काचतंतू किंवा कार्बनतंतूंचे असते. ते आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते व टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. त्याच्या आत थर्माकोलच्या जातीच्या दाट फेसाचा थर असतो. प्राण वाचवण्याचे खरे काम हाच थर करतो. त्याच्या आतील मऊ गादीमुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट व सुखकर बसते. चौथा भाग म्हणजे हनुवटीखालचा पट्टा होय.

फेसाचा थर आघाताच्या वेळी चिरडला जातो आणि डोके थांबण्यास थोडे अधिक अंतर मिळते. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते. तेथून ते सरळ खाली पडले, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होतो. हा वेग केवळ पडण्याचा आहे. गाडी उभी असली तरी तो तेवढाच राहतो. डांबरी रस्त्यावर उघडे डोके तीन मिलिमीटर अंतरात थांबले असे धरल्यास त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट मंदन येते. फेस चिरडला जाऊन हेच अंतर तीन सेंटीमीटर झाले, तर मंदन ५० पटींवर उतरते. त्यामुळे ‘गावातल्या गावात, हळू जायचे आहे’ हे हेल्मेट न घालण्याचे कारण शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासण्यात आले. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

इतिहास

आइल ऑफ मॅन बेटावरील मोटारसायकल शर्यतीत १९१४ मध्ये कापड व लाखेपासून बनवलेली हेल्मेट वापरात आली. ती सुचवणारे एरिक गार्डनर हे व्यवसायाने डॉक्टर होते. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. केर्न्स यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणारा जगातील पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९६१ मध्ये लागू झाला. ब्रिटनमध्ये ही सक्ती १९७३ मध्ये आली.

भारतातील मानक व कायदा

दुचाकीच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ४१५१’ हे मानक आहे. त्यात आघात शोषण्याची क्षमता, टोकदार वस्तूला होणारा विरोध, पट्ट्याची बळकटी व दृष्टिक्षेत्र यांच्या चाचण्या सांगितल्या आहेत. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे, आयात करणे वा विकणे यांस मनाई आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक व मागे बसणारी व्यक्ती या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील सर्वांना हा नियम लागू झाला. उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने झाली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आहे. त्यानुसार मुलास त्याच्या मापाचे हेल्मेट व चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आवश्यक असून गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा.

पुण्यातील वाद

दुचाकींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात हेल्मेटसक्तीला दीर्घकाळ विरोध होत आला आहे. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी काटेकोर कारवाई सुरू केली, तेव्हा शहरात त्याविरुद्ध आंदोलन झाले. शहरातील वेग मुळातच कमी असतो, हेल्मेटमुळे मान अवघडते व आवाज नीट ऐकू येत नाही, तसेच अपघातांचे खरे कारण खराब रस्ते आहेत, हे विरोधकांचे मुख्य मुद्दे होते. रस्त्यांविषयीची तक्रार स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगी आहे. परंतु खड्ड्यात चाक अडकून पडणाऱ्यालाही डोक्याचे रक्षण हवेच असते. मान अवघडण्याचे एक कारण चुकीच्या मापाचे किंवा फार जड हेल्मेट हे असते. त्यामुळे हा आक्षेप हेल्मेटच्या निवडीशी निगडित आहे.

निवड

चिन्ह: आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली उत्पादकाचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर हा क्रमांक टाकून तो खरा आहे की नाही हे पाहता येते. रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या काही स्वस्त हेल्मेटांवर नुसते चिन्ह छापलेले असते व आत फेसाऐवजी पातळ स्पंज असतो. अस्तर किंचित बाजूला करून आतील फेसाचा थर तपासावा. बांधकामावरील टोपी किंवा सायकलचे हेल्मेट मोटारसायकलवर मोठ्या माणसांना उपयोगी पडत नाही.

प्रकार: पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट सर्वाधिक सुरक्षित मानले जाते, कारण अपघातांतील आघातांचा मोठा वाटा हनुवटी व चेहऱ्यावर येतो. हनुवटीचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट चष्मा लावणाऱ्यांना सोयीचे असते. मात्र गाडी चालवताना तो भाग खाली करून अडकवलेला असावा. उघड्या चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये जबडा असुरक्षित राहतो. डोक्याचा केवळ वरचा भाग झाकणारे अर्धे हेल्मेट सर्वांत कमी संरक्षण देते.

माप: भुवयांच्या वर सुमारे अडीच सेंटीमीटरवरून व मागील बाजूस डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून शिलाईची टेप फिरवून घेर मोजावा. भारतात मापे बहुधा मिलिमीटरमध्ये छापलेली असतात: ५६० लहान, ५८० मध्यम, ६०० मोठे व ६२० अतिमोठे. एकाच घेराची डोकी आकाराने लांबट किंवा गोल असू शकतात, म्हणून घालून पाहणे अनिवार्य आहे. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत, कपाळ व अस्तर यांत बोट जाऊ नये आणि डोके हलवल्यास हेल्मेटही सोबतच हलावे. दहा-पंधरा मिनिटे घालून एखाद्या जागी दुखू लागल्यास दुसरा आकार पाहावा. नव्या हेल्मेटची गादी वापराने सैल होते, म्हणून आरंभी थोडे घट्टच घ्यावे. स्कार्फ, वेणी किंवा चष्मा नेहमीचा असेल, तर तो तसाच ठेवून माप पाहावे. उंच अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही. केस मानेपाशी बांधणे श्रेयस्कर.

पट्टा: पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोनच बोटे जावीत. त्यानंतर हेल्मेट मागून धरून पुढे ओढून पाहावे. ते निघून आल्यास माप चुकले असे समजावे. पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच आघातात डोक्यावरून उडून जाते.

काच: रात्रीच्या प्रवासासाठी पारदर्शक काच हवी. काळी काच दिवसा, उन्हातच वापरावी. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश फाकतो. अशी काच बदलून घ्यावी.

खंडाळ्याचा घाट

यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मुंबई व पुणे यांदरम्यान जाणारे दुचाकीस्वार जुन्या महामार्गाने बोरघाट चढतात. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्याकडे येणारा हा रस्ता तीव्र वळणांचा व चढाचा आहे. लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात दाट धुके उतरते आणि नेमका त्याच काळात पर्यटकांचा ओघ सर्वाधिक असतो.

अशा हवेत हेल्मेटची काच आतून श्वासाच्या वाफेने व बाहेरून थेंबांनी धूसर होते. त्यामुळे अनेक जण काच वर करतात, काही हेल्मेट काढून हाताला अडकवतात. घाटात जाणाऱ्यांनी हनुवटीजवळ व कपाळावर हवेची छिद्रे असलेले, काच किंचित उघडी ठेवता येणारे आणि वाफ न धरणाऱ्या आतील पापुद्र्याची सोय असलेले हेल्मेट निवडावे. पांढरा, पिवळा वा नारिंगी रंग व मागील बाजूस परावर्तक पट्टी असल्यास धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दुचाकी लवकर दिसते.

उघडी मोटार

कलम १२९ चा नियम मोटारसायकलींपुरता आहे. उघड्या जीपमध्ये वा छत दुमडलेल्या मोटारीत हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही. तेथे मुख्य संरक्षण आसनपट्ट्याचे व गाडी उलटल्यास आधार देणाऱ्या लोखंडी चौकटीचे असते. पट्टा न लावता उभे राहून प्रवास करणाऱ्याला हेल्मेट वाचवू शकत नाही. लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ‘व्हॅली रन’सारख्या वेगस्पर्धांत मात्र हेल्मेट अत्यावश्यक असते. मोटारशर्यतीचे हेल्मेट वेगळे असते: त्याचे अस्तर आगीला दाद न देणारे असते व चौकटीवर वारंवार डोके आपटण्याचा विचार त्यात केलेला असतो. अमेरिकेतील स्नेल प्रतिष्ठान म्हणूनच मोटारसायकलींसाठी ‘एम’ व मोटारींसाठी ‘एसए’ अशी दोन स्वतंत्र मानके ठरवते.

देखभाल

एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, कारण चिरडलेला फेस पूर्ववत होत नाही. याच कारणाने जुने, पूर्वेतिहास ठाऊक नसलेले हेल्मेट विकत घेऊ नये. अपघात झाला नाही तरी साधारणतः पाच वर्षांनी नवे घ्यावे. कवच साबणाच्या पाण्याने पुसावे. पेट्रोल किंवा थिनरने प्लॅस्टिक व फेस कमकुवत होतात. पावसात भिजलेली गादी काढून सावलीत वाळवावी. हेल्मेट आरशावर अडकवून ठेवल्यास आरशाची कड आतील फेसात रुतते.

अपघातग्रस्ताचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. मानेच्या मणक्यांना इजा झालेली असू शकते, म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास अडत असल्यास प्रथम काच वर करून पट्टा सोडवावा. तरीही श्वास मोकळा होत नसेल, तर एकाने मान व डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने हेल्मेट सावकाश काढावे.

हेही पाहा

बोरघाट
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग
भारतीय मानक ब्यूरो
मोटार वाहन अधिनियम, १९८८