खोलीची सरहद्द

आम्हा गोवेकरांना बेळगाव कधी परके वाटले नाही. चोर्ला घाट चढून गेले की बाजार तिथे, कॉलेज तिथे, इस्पितळही तिथेच. मुलगा शिकायला गेला की कुणाच्या तरी मागीलदारची खोली भाड्याने बघायची, हेही ठरलेले. सीमाप्रश्नावर आपण पुष्कळ वाचतो. पण राज्य बदलते तेव्हा अशा भाड्याच्या खोलीचे काय होते?

बेळगाव, निपाणी हा सगळा भाग पूर्वी मुंबई प्रांतात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत जागा मिळेनाशा झाल्या, भाडी भडकली. म्हणून १९४७ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या नावातच भाडे, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस असे तिन्ही शब्द होते. घर आणि लॉज एकाच कायद्यात, पण प्रकरणे वेगळी. बिऱ्हाड करून राहणाऱ्यासाठी प्रमाण भाडे, चार दिवस उतरणाऱ्यासाठी रास्त दर. शिवाय एक कडक कलम होते : भाडेकरूने आपल्या जागेत पोटभाडेकरू ठेवायचा नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सरकार एका रात्रीत बदलले, भाड्याचा कायदा मात्र बदलला नाही! जुने कायदे बदलेपर्यंत त्या त्या भागात चालू राहतील, असे पुनर्रचनेच्या कायद्यातच म्हटले होते. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू म्हैसूरचे, पण त्यांचा तंटा मुंबईच्या कायद्याने सुटायचा.

याचा फटका कुणाला बसला? १९५९ च्या मे महिन्यात मुंबई सरकारने वटहुकूम काढून तोवर राहत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. पण तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात नव्हते. त्यामुळे मूळ बंदी इथे लागू राहिली आणि तिच्यातली सवलत सरहद्दीपलीकडेच थांबली. पुढे १९६१ मध्ये म्हैसूरने स्वतःचा भाडेनियंत्रण कायदा केला आणि मुंबईचा जुना कायदा या भागातून गेला.

त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि आपल्याकडेही तेच घडले. १९६२ च्या कायद्याने पोर्तुगीज काळातले कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. आपला भाडेनियंत्रण कायदा आला तो १९६८ मध्ये. झेंडा आधी बदलतो, घरभाड्याचा कागद मागाहून.

आज गोव्यात घरातली खोली पर्यटकाला द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. पुष्कळांना हे नवे झंझट वाटते. पण खोलीत राहणारा बिऱ्हाडकरू की उतारू, हा प्रश्न १९४७ च्या कायद्यानेही विचारला होता. आज त्याला वेगळी धार आली आहे. पाहुण्याकडून आठवड्यात मिळणारे पैसे भाडेकरूकडून महिन्यात मिळत नसतील, तर मालक खोली पाहुण्यालाच देणार. त्यात त्याचे चुकत नाही. मात्र शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलाने राहायचे कुठे, याचाही विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा. बेळगावच्या पोटभाडेकरूचा विचार १९५९ मध्ये कुणी केला नव्हता.